पालथा उंबरठा

मी एक दगड आहे. माझं खरं तोंड मातीत आहे, तरी बोलतो. ऐका.

रोमन लोकांनी मला डोंगरातून कापलं, कुठल्याशा मोठ्या माणसाच्या स्तुतीची अक्षरं माझ्यावर कोरली आणि देवळाच्या भिंतीत उंच बसवलं. लोक मान वर करून वाचायचे, पण हात कुणी लावला नाही. पुढे देऊळ पडलं, मीही पडलो. ट्युनिशियाच्या या टेकडीवर ऑलिव्हच्या मुळांत किती शतकं गेली, मला सांगता येणार नाही.

मग या पडक्या शहरात शेतकऱ्यांनी घरं बांधली. सालेम नावाच्या शेतकऱ्याने मला उंबरठा केलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण लिहिलेल्यावर पाय पडू नये म्हणून त्याने अक्षरांची बाजू खाली घातली. त्याची सून माझ्या वरच्या बाजूवर ऑलिव्ह ठेचायची. ठेचून ठेचून तिथे वाटीएवढा खळगा पडला. तिची लेक मबारका त्यात पाणी ओतून चिमण्यांची वाट बघत बसायची. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

एके दिवशी उत्खननवाले आले. जुनं शहर मोकळं करायचं म्हणून घरं पाडली, माणसं खालच्या गावात हलवली. मबारका रडत गेली. मला उलटवल्यावर अक्षरं दिसली, तेव्हा त्या लोकांना केवढा आनंद झाला! त्यांनी मला तसंच, अक्षरं वर ठेवून मांडलं. खळगा मातीत गेला.

गेल्या रविवारी मबारका आली. आता म्हातारी, काठी टेकत. बरोबर मुलगा मोंजी, सून लतीफा, नात ओन्स आणि टोपलीत रोटी, उकडलेली अंडी, हरिसा नावाची मिरचीची चटणी.

"इथंच होतं आमचं घर," ती म्हणाली.

"रोमन राजाच्या शेजारी?" मोंजी हसला. "मग सकाळी मीठ मागायला यायचा का गं तो?"

"हस बाबा. उंबरठा सापडू दे, मग बघते तुझ्याकडे."

लतीफा हळूच नवऱ्याला म्हणाली, "परवा गॅस चालू ठेवून झोपल्या. आता हे घर. डॉक्टरांना दाखवायलाच हवं."

मबारकाला ते ऐकू गेलं. ती दगडामागून दगड तळहाताने चाचपत राहिली.

"आई, मामा तर म्हणायचे, आपण खालच्या गावचे."

"पडक्यात जन्मलो म्हणून लाज वाटायची त्याला."

शेवटी ती दमून बसली. माझ्यावर. एवढ्या वर्षांनी तिचा भार अंगावर आला आणि मला वाटलं, आता ओळखेल.

"आजी, तू लिहिलेल्यावर बसलीस!" ओन्स ओरडली.

मबारका दचकून उठली. अंगावरच्या पांढऱ्या चादरीच्या टोकाने तिने माझी अक्षरं पुसली. अगदी आजोबाची नात. "हा नव्हे," ती म्हणाली. "आमच्या उंबरठ्यावर अक्षरं नव्हती. खळगा होता."

ओन्सने माझ्याखाली बोटं घातली. "खाली बघू या का?"

"हात काढ आधी! विंचू असतो," मोंजी खेकसला.

तिने हात काढला.

सावलीत सतरंजी अंथरून ते जेवायला बसले. मबारकाने रोटीचा तुकडा कितीतरी वेळ हातातच धरला होता. मग म्हणाली, "मोंजी, तुझे मामा म्हणायचे तेच खरं असेल. मला स्वप्न पडलं असेल."

"असू दे, आई. अंडं खा."

"डॉक्टरकडे कधी जायचं?"

लतीफाने मान खाली घातली. ऊन कलल्यावर ते गेले. मबारकाने मागे वळून पाहिलं नाही.

इथे येणाऱ्यांनो, माझी अक्षरं वाचून झाली, की मला एकदा उलटं करा. करणार नाही तुम्ही, जाणून आहे मी. पण या टेकडीवर एक घर होतं आणि दारात एक मुलगी चिमण्यांची वाट बघायची. कालपरवापर्यंत हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

आता मला एकट्याला.