मी पाखराचा खोटा बाप

मी खोटा बाप बोलतोय. दचकू नका. खोटे बाप जगात पुष्कळ आहेत, पण कबूल कोण करतं? मी आपलं पहिल्या झटक्यात सांगून टाकलं. लपवायला मला खिसा नाही.

अंग माझं प्लास्टिकचं, पाखराच्या आकाराचं, मुठीत मावेल एवढं. पोटात बटणाएवढा स्पीकर, मानेत चिमुकली मोटर, आणि शेपटीखालून निघालेली एक वायर. ती कुठून निघालीये ते बघून प्रयोगशाळेत येणारा प्रत्येक जण हसतो. हसा बाबांनो. तुमच्या वायरी आत आहेत म्हणून निभावतंय.

मला घडवलं एका बाईंनी. मेंदू शिकतो कसा, हे शोधायचं काम त्या करतात. रंगवलं मात्र त्यांच्या आईनं. बाईंनी आधी स्वतः चोच लाल करून पाहिली, तर मी कुणाला तरी चावून आलोय असा दिसायला लागलो.

"इकडे आण तो," आई म्हणाली. "तुला चित्रकलेत किती मार्क पडायचे ते मला ठाऊक आहे."

मग तिनं आपल्या नेलपॉलिशच्या बाटल्या काढल्या. लाल चोच, गालांवर नारिंगी ठिपके, छातीवर काळे पट्टे. फुंकर घालून रंग सुकवत म्हणाली, "अगदी जावयासारखा झालाय बघ. देखणा आणि गप्प."

"आई!"

जावई तिथंच बसून माझी वायर जोडत होता. तो खरंच गप्प राहिला.

आता माझं काम ऐका. ह्या जातीच्या पाखरांत नर तेवढा गातो, आणि तेही जन्मतः येत नाही. लहानपणी बापाचं ऐकायचं, मग आपली बडबड करत, चुकतमाकत ते गळ्यात बसवायचं. ती वेळ टळली की जन्मभर नुसता खरखराट, आणि मग एकही मादी ढुंकून बघत नाही. बरं, नुसतं गाणं भरून वाजवत ठेवलं तर पोरं धड शिकत नाहीत. तुमचीही नाही शिकत, मला माहितेय. बाईंचं म्हणणं असं की, जो उत्तर देतो त्याच्याकडूनच पिल्लू शिकतं. म्हणून मला आणलं. पिल्लू बडबडलं की मी मान वळवून त्याच्याकडे बघायचं, आणि पोटातून एका जुन्या गवई नराचं गाणं वाजवायचं. बाप म्हणून एवढंच काम. खऱ्या बापांना एवढंही जमत नाही, ते सोडा.

माझी जोडणी झाली शेजारच्या खोलीत. तिथं बाईंचा दुसरा संसार, उंदरांच्या नजरेचा अभ्यास. एक उंदीरमामा फोमच्या गोळ्यावर धावत पडद्याकडे बघायचा. उभ्या रेघा आल्या की नळी चाटायची, एक गोड थेंब मिळायचा. आडव्या आल्या की काही नाही. मामा लबाड. उभ्या-आडव्या, सगळ्यालाच चाटून बघायचा.

"दिसत नाही का रे तुला?" मी विचारलं.

"उजव्या डोळ्यानं सगळं दिसतं. डाव्याची गंमत आहे. लहानपणी तो बाईंनी काही दिवस मिटवून ठेवला होता. आता टक्क उघडा आहे, पण मेंदूला त्याची ओळखच नाही. दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही, असं झालंय. त्याला आता उशिरा तरी शिकवता येईल का, ते बाई बघतायत. शिकायची वेळ असते, बापू. तुझ्या पोराची चुकवू नकोस."

पोर म्हणजे बारक्या. त्याला एका पेटीत माझ्याशेजारी आणून बसवलं. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून पेटीला आतून जाड फोम, आणि बघायला एक छोटी झडप. बारक्यानं मला पाहिलं, तोंड वासलं आणि जेवायलाच मागितलं. मी मान वळवून गाणं म्हटलं. त्यानं माझ्या नेलपॉलिशवर टोच मारली. मग झोप आली तेव्हा माझ्याच बगलेत घुसला. खरं सांगतो, प्लास्टिकलाही ऊब येते.

त्याच आठवड्यात संस्थेचे मोठे सर येऊन गेले. "बाई, उंदरांना जागा पुरत नाही आणि पाखरांच्या खोलीत काही घडत नाही. हे शेवटचं पिल्लू. गायलं तर खोली ठेवा. नाहीतर रिकामी करू."

आणि नेमकी तेव्हाच माझी मान अडली. बारक्या अंगाला अंग लावून झोपायचा ना, त्याची मऊ पिसं मोटरीत गेली. बाईंनी साफ केली, पुन्हा अडली. पोटातून गाणं वाजायचं, पण मी आपला भिंतीकडे तोंड करून. म्हणजे रुसलेला सासराच. बारक्या बडबडायचा, माझ्याकडे बघायचा, मी ढिम्म. मग झडप उघडायची, बाईंचा डोळा दिसायचा आणि आवाज यायचा, "च्च!"

पुन्हा बडबड, पुन्हा मी ढिम्म, पुन्हा झडप. "च्च!"

असं किती तरी दिवस चाललं. बारक्या मोठा होत चालला, पट्टे उमटले, गाणं काही उमटेना. आणि एका सकाळी बडबड संपता संपता तो एकदम स्वच्छ आवाजात म्हणाला, "च्च."

बाहेर काँप्युटरवर त्याच्या आवाजाचं चित्र उमटत असतं. बाई खुर्चीतून उडाल्याच.

"हे गाण्यात नाहीये! हे कुणी शिकवलेलंच नाहीये! ह्यानं नवा सूर काढला, स्वतःचा!" जावयाला फोन, सरांना फोन. आई डबा घेऊन आली होती, तिलाही ओढत आणलं. "आई, ऐक. असं आजवर कुठल्याच पाखरानं केलेलं नाही."

आईनं ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली ती खुर्चीचा हात धरून बसलीच.

"अगं वेडे, हे पाखरानं कुठलं काढलंय? ही तर तू!"

"मी?"

"भाकरी करपली, च्च. बस चुकली, च्च. नवरा बोलला, च्च. दिवसभर तेच करतेस."

"मी असलं काही करत नाही. च्च!"

बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आई, पण हे तर तू करतेस."

"माझ्याकडूनच उचललंस ना. आणि मी माझ्या आईकडून."

बाईंचा चेहरा पडला. शोध लागला म्हणून सरांना कळवून बसलेल्या. आणि मग एकदम त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तो शिकतोय, आई. जो उत्तर देतो त्याच्याकडूनच शिकतोय. फक्त उत्तर मी देत होते."

झालं. मला उचललं आणि मामाच्या फडताळावर नेऊन ठेवलं. माझ्या जागी झडपेत बाईंचं तोंड. बारक्या बडबडला की बाई त्याच्याकडे बघून जुन्या गवयाचं गाणं शिटीवर म्हणायच्या. सुरुवातीला असं वाजायचं की कुकर बरा. आई स्टुलावर बसून बजावायची, "जीभ आवर. च्च करायचं नाही."

"काय बापू, बदली झाली?" मामानं विचारलं.

"गप. गाणं माझ्याच पोटातलं आहे."

"असेल. पण ओठ दुसऱ्याचे."

चिडलो होतो, खोटं कशाला बोलू. पण आतून धास्ती वेगळीच होती. पोराची वेळ संपत आली होती. मामाचा तो उघडा डोळा माझ्यासमोरच होता, आणि मला सारखा त्यात बारक्याचा गळा दिसायचा.

सर आले त्या दिवशी बाई झडपेपासून लांब उभ्या राहिल्या, हात मागे बांधून. पोरानं एकट्यानं गायचं होतं. बारक्या गप्प. सरांनी खोकून पाहिलं. बारक्यानं पंख खाजवला. सरांनी खोलीभर नजर फिरवली, कुठं कुठले पिंजरे बसतील ते मोजल्यासारखी. बाईंची जीभ टाळूला लागली, मला दारातून दिसलं. आईनं खसकन चिमटा काढला.

आणि पोरगं सुरू झालं. पहिली लांब हाक, मग खाली घसरत येणारी लकेर, मग दोन ठसके, अगदी माझ्या पोटातलं, तंतोतंत. पेटीतला आवाज मामाच्या खोलीतल्या स्पीकरवरही यायचा, तो ऐकून मामानं धावणं थांबवलं. गाणं संपलं आणि शेवटी ठसक्यात, "च्च."

सर वळले. "हे शेवटचं काय? हे कुठलं घराणं?"

"आमचं," आई म्हणाली.

बाईंनी सगळं सांगून टाकलं, चुकीसकट. सर ऐकत राहिले, मग मान हलवत निघाले. दारातून म्हणाले, "खोली राहू द्या. आणि बाई, मीटिंगमध्ये तुम्ही माझ्याकडे बघून हेच करता का?"

आता बारक्या मोठ्या पिंजऱ्यात असतो, बायकोमुलांत. बायकोला ते शेवटचं फार आवडलं म्हणे. पोरंही तेच म्हणतात. बाईंनी जीभ वाजवली की चार बाजूंनी जबाब येतो, म्हणून त्या आता जपून वागतात. मी त्यांच्या टेबलावर कागद दाबून बसलेला असतो. मान अजून भिंतीकडेच.

परवा पिंजरा धुताना बारक्या निसटला आणि थेट माझ्यासमोर येऊन बसला. माझ्या चोचीकडे बघितलं, नेलपॉलिशचे टवके उडालेत तिथं. आणि मग त्यानं मला सगळं गाणं म्हणून दाखवलं, पहिल्यापासून. थांबला. वाट बघत राहिला. मी जीव तोडून जोर लावला हो, पण मोटर काही हलेना.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाला, "च्च," आणि उडून गेला.

तुम्ही त्या बाजूला आलात तर माझं एक काम करा. वायरीवर हसून घ्या हवं तेवढं, पण मग माझ्या मानेत एक थेंब तेल घाला.