टोपला आणि निळी जाळी

मी एक जुना टोपला आहे, मित्रांनो. बांबूच्या कामट्यांचा, घुमटासारखा. मला पालथं घातलं की खाली कोंबडीची पिल्लं बसतात. जळगाव जामोदच्या पुंजाजी बुरुडानं मला विणलं आणि बाजारातून जनकाबाईंनी डोक्यावर घेऊन घरी आणलं.

जनकाबाईंचे यजमान वामनराव कापूस पेरायचे. बीटी बियाणं आल्यापासून त्यांनी ज्वारी, तूर सगळं सोडलं होतं. कपाशी थेट अंगणापर्यंत आली होती. पहिली दोन वर्षं बोंडं छान लागली. मग पावसानं ओढ दिली, पानं लाल पडली आणि झाडं वाळली. तेव्हा घर तोलून धरलं ते जनकाबाईंच्या गावरान कोंबड्यांनी. मुलगी अर्पिता जळगाव जामोदला कॉलेजात शिकत होती, तेही त्यांच्याच भरवशावर.

कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरायच्या. आभाळात घार दिसली, की जनकाबाई पिल्लं गोळा करून मला त्यांच्यावर पालथं टाकायच्या. एकदा तर घारीनं झेप घेतली आणि तिच्या नख्या माझ्या पाठीवर कराकरा वाजल्या. पिल्लू एकही गेलं नाही. "हा टोपला नाही, माह्या घरचा राखणदार हाय!" असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

मग शेजारच्या अजीजुन्निसाभाभींनी एक जाळी दिली. त्यांचा भाऊ कलीम धरणावर मासे धरायचा, त्याची ती जुनी निळी जाळी. कडुनिंबापासून भिंतीपर्यंत ती ताणली आणि कडा जमिनीपर्यंत सोडून जागोजागी दगडांखाली दाबल्या. आता घारीचं भय उरलं नाही. जाळीखाली पिल्लं खुशाल हुंदडू लागली.

"भाभी, तुमच्या जाळीनं माह्या जिवाचा घोर गेला," जनकाबाई म्हणाल्या. मला त्यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, ढिगावर फेकलं.

मी जळत होतो, मित्रांनो. त्या जाळीला ना वीण, ना आकार. नुसती भोकंच भोकं! बायका येऊन तिला हात लावून पाहायच्या. माझ्या बुडाला वाळवी लागली, ते कोणाला दिसलंही नाही. एका दुपारी वाऱ्यानं जाळीची खालची कड दगडाखालून निसटली आणि हातभर फट पडली. ढिगावरून ती मला स्वच्छ दिसत होती. मला आनंद झाला. आता कळेल सगळ्यांना, असं मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई कापूस वेचणीला गेल्या होत्या. माझ्याच ढिगाखालून एक मुंगूस निघालं आणि सरळ त्या फटीत शिरलं. पिल्लांना पळायला जागा नव्हती. जी जाळी घारीला अडवत होती, तीच त्यांना अडवू लागली. तांबडी कोंबडी मुंगसावर धावून गेली आणि जाळीत पाय अडकून पडली.

कलकलाट ऐकून अजीजुन्निसाभाभी काठी घेऊन धावत आल्या. मुंगूस पळालं, पण तीन पिल्लं मरून पडली होती. भाभींनी मला ओढून काढलं आणि उरलेल्या नऊ पिल्लांवर पालथं घातलं. वाळवीनं माझी कड खाल्ली होती. तिथून पिल्लं बाहेर येऊ लागली. भाभींनी आपली ओढणी त्या भोकात कोंबली आणि मला धरून तिथंच उन्हात बसून राहिल्या.

जनकाबाई आल्या, तेव्हा भाभींचे डोळे भरले होते. "माह्या जाळीनंच घात केला, जनकाबाई."

"जाळीले काऊन बोल लावता, भाभी? कड मीच पाह्यली नाही," जनकाबाई म्हणाल्या. त्यांनी तांबडीचा पाय सोडवला आणि तिला बराच वेळ पदरात धरून बसल्या.

पुंजाजींनी माझी कड नव्यानं विणली. पऱ्हाटीचा ढीग अंगणापासून दूर हलवला. जाळीच्या कडेवर आता दगडांची रांग आहे आणि अर्पिता कॉलेजातून आली की प्रत्येक दगड हातानं दाबून पाहते. दिवसा पिल्लांवर जाळी असते. संध्याकाळी ती माझ्या पोटाखाली येतात. तरी कोणी जाळीची तारीफ केली, की अजूनही मला आत टोचतं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या अंगणात कोंबड्या असतील, तर जाळीची कड रोज पाहा, आणि जुन्या टोपल्याला वाळवीत टाकू नका. त्या दिवशी कड कोणीच पाहिली नाही, असं जनकाबाईंना वाटतं. एकानं पाहिली होती. तो खूश होऊन बसला होता.