बॉयलरच्या कपाटातली हंडी

मी एक जुनी मातीची हंडी आहे. गडचिरोलीच्या कोरचीकडल्या एका कुंभाराने मला घडवलं. आता मुक्काम विलायतेत, रीडिंग गावी, घर तापवणाऱ्या बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांशेजारी. मित्रांनो, मी फार थकले आहे. जमेल तेवढं सांगते.

माझं काम एकच. तांदळाचं पीठ वाफवून, गार करून माझ्यात घालतात. त्यात पाणी आणि मोड आणून वाळवलेल्या मक्याचं पीठ मिसळतात. तोंडाला फडकं बांधून तीन-चार दिवस ठेवलं की आत बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. हा लांदा. तो मोठ्या माणसांनी प्यायचा, पण पहिला वाटा घरातल्या गेलेल्या माणसाचा. तो जमिनीवर ओततात.

मधुमतीबाईंनी मला तीस वर्षं वापरलं, पण साबण कधी लावला नाही. गरम पाण्याने खळबळायचं आणि उन्हात पालथं घालायचं, एवढंच. लांदा आंबवणारा जीव माझ्या मातीच्या छिद्रांत राहतो, हे त्यांना सासूने सांगितलं होतं. शेजारणी मला मागून न्यायच्या. तेव्हा मलाही थोडा ताठा होता.

२००५ साली त्यांचे घरधनी गेले. मुलाचं, उल्हासचं, विलायतेतलं घर पाहायचं घरधन्यांच्या मनात होतं, ते राहून गेलं. म्हणून वर्ष भरायच्या आत त्यांचा वाटा मुलाच्या अंगणात ओतायचा, असं मधुमतीबाईंनी ठरवलं. मला लुगड्यात गुंडाळून त्या विमानात मांडीवर घेऊन बसल्या.

रीडिंगच्या थंडीत मक्याला मोड यायलाच नऊ दिवस लागले. ऊब होती ती फक्त बॉयलरच्या कपाटात. तिथे मी रिकामी वाट पाहत होते. एके दिवशी मधुमतीबाई बाहेर गेल्या असताना त्यांच्या सुनेला, वैजयंतीला, टॉवेलांना माझा आंबूस वास लागलेला जाणवला. ती नागपूरची, शहरात वाढलेली. सासूबाईंचं काम हलकं करावं म्हणून तिने मला डिशवॉशरमध्ये ठेवलं आणि साबणाची वडी टाकली. दोन तासांनी मी नव्यासारखी बाहेर आले. किती छान दिसतेय, असं ती म्हणाली. माझ्या रूपाचं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

मधुमतीबाईंनी मला नाकाशी धरलं. माझ्या अंगाला साबणातल्या लिंबाचा वास येत होता.

"आई, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल," वैजयंती म्हणाली.

"माह्या सासूनं मले सांगतलं होतं. मीच तुले सांगाले इसरली, पोरी."

त्यांनी तरीही पीठ लावलं. चार दिवस गेले, बुडबुडा आला नाही. पाचव्या दिवशी बुरशी आली. व्हिसा संपत आला होता. मला तिथेच ठेवून त्या परत गेल्या, आणि तिकडे वर्ष भरलं.

उल्हास चेष्टेने म्हणायचा, हिच्यात टोमॅटो लाव. वैजयंतीने लावले नाहीत. ती मका मोडवत राहिली, पीठ लावत राहिली. दोनदा नासलं, तिसऱ्यांदा नुसतं आंबट झालं, बुडबुडा आलाच नाही. मित्रांनो, मेलेल्या मातीला पुन्हा पुन्हा उठवणं सोपं नसतं. मला तर वाटायचं, पुरे आता.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या पोटात हललं. वैजयंतीने कोरचीच्या फोनबूथवर सासूबाईंना बोलावून घेतलं आणि फोन माझ्या तोंडाशी धरला. माझं बुडबुडणं मधुमतीबाईंनी ऐकलं.

"आता त्यायले दे," त्या म्हणाल्या. "पण उघड्यावर नको ओतू. थंडी वाजन त्यायले."

बॉयलरची वाफ जिथून अंगणात बाहेर पडते, त्या उबदार भिंतीशी वैजयंतीने पहिला वाटा ओतला.

मित्रांनो, जुन्या वस्तूची निगा जरूर राखा. पण ती धुवायला घेण्याआधी, जिची आहे तिला एकदा विचारा. मी आता पालथी पडून आहे. उन्हाची वाट पाहते. इथे ते कमीच पडतं.