उद्घाटनाची कात्री

नाल्यावरचा पूल केव्हाच बांधून झाला होता, पण उद्घाटन काही होईना. रिबीन अध्यक्षांनी कापायची की उपाध्यक्षांनी, यावर नगरपालिकेत घोडं अडलं होतं. उन्हानं विटली म्हणून रिबीन दोनदा बदलली, पूल बंदच. वाद कधी मिटेल याचा नेम नाही, म्हणून एक शिपाई तबकात कात्री घेऊन रोज पुलाच्या तोंडाशी बसायचा.

एके दिवशी पलीकडचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी, रिबिनीखालून वाकून, धावत सुईणबाईंच्या दारात आला. "मावशी, चला! बायको अडलीय."

सुईणबाई तशाच उठल्या. त्यांची नवी सून सासूला जरा टरकूनच असायची. तिनं उकळलेल्या कात्रीची पिशवी उचलली आणि मागोमाग निघाली.

पुलाशी शिपाई आडवा आला. "उद्घाटन व्हायचंय, मावशी. वळसा घालून जा."

"वळसा घालेपर्यंत पोर थांबेल का रे?"

"मग खालून वाकून जा. मी तिकडं बघतो."

सासूबाईंचं अंग भारी, गुडघे दुखरे. "मी वाकले तर मला उठवायला तुझी अख्खी नगरपालिका लागेल!"

सुनेनं घाईघाईनं पिशवी उघडली.

"थांब! ती बाळासाठी आहे. तू आण रे तुझी इकडे."

शिपायानं तबक पुढं केलं. रिबीन कचकन तुटली. दुसरं काय करावं ते न सुचून बिचाऱ्यानं एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

मूल पायाळू होतं. आणखी थोडा उशीर झाला असता, तर दोन्ही जीव हाती लागले नसते. ते रडलं, तेव्हा पिशवी छातीशी धरून सूनही रडली.

पुढच्या सभेत ठराव आला : रिबीन वाऱ्यानं तुटली. साक्षीला सासूबाईंना बोलावलं.

"वारा खालून गेला असता," त्या म्हणाल्या. "त्याचे कुठं गुडघे दुखतात? मी कापली. तसं लिहा."

सभेत हशा पिकला, पण लिहायला कुणी धजेना. पुलाच्या दगडावर उद्घाटकाच्या नावाची जागा कोरीच राहिली.

ती सून आता स्वतः आजी झालीय. पुलावरून जाताना ती नातवंडांना थांबवून दगड दाखवते. "हे माझ्या सासूबाईंचं नाव."

"इथं तर काहीच नाही, आजी!"

"दुसऱ्या कुणाचं आहे का?" आजी ताठ मानेनं विचारते. "आणि पिशवी माझ्या हातात होती, बरं का."