माटवीचं तवसं

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला फळं टांगतात, त्यातलं मोठं तवसं, म्हणजे काकडी, माझ्या वेलाचं. लग्न होऊन आले तेव्हापासून. धाकटी जाऊ मृणाली आली, तिने स्वयंपाकघर घेतलं, सासूबाईंचं मन घेतलं, मी गप्प राहिले. तवसं मात्र माझं.

यंदा तिने देवरूखहून सातेरी मधमाश्यांची पेटी आणून बांधावर ठेवली. उन्हाळ्यात मध निघाला, तर सासूबाई बोट चाटत म्हणाल्या, "मृणालीच्या हाताला गुण आहे हो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्रावणात माझा वेल फुलला, आणि बघते तर पाऊस उघडलेल्या सकाळी तिच्या माश्या माझ्या फुलांवर. खाऊनपिऊन परत तिच्याच पेटीत. फुलं माझी आणि मध तिचा? मी जुनी मच्छरदाणी शोधली आणि रोज सकाळी वेलाच्या मांडवावर घालायला लागले. दुपारी माश्या दुसरीकडे वळल्या की काढायची.

माश्या बंद झाल्या. तवशी मात्र बोटाएवढी होऊन पिवळी पडायची आणि गळायची. हिचीच दृष्ट लागली म्हणून मी वेलाला काळी बाहुली बांधली. पलीकडे तिने लावलेल्या वेलाला तवशी लोंबत होती. ती बघून मला जेवण जाईना.

एका सकाळी गोठ्यातून लवकर परतले, तर बाई माझ्या मच्छरदाणीच्या आत.

"काय चोरतेस गो?"

"चोरत नाही, ताई." तिने एक नर फूल खुडलं होतं आणि बारकं तवसं असलेल्या फुलात ते हलकेच घासत होती. "फूल सकाळी उमलतं, माश्या तेव्हाच येतात. तुम्ही जाळी काढता तेव्हा ते मिटायला लागलेलं असतं. मग तवसं धरणार कसं? म्हणून हाताने लावते."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. मी मच्छरदाणी ओढून काढली आणि तिच्याशी बोलणं टाकलं. तिने हात लावलेलं तवसं हां हां म्हणता हातभर झालं.

चतुर्थीला तेच माटवीला लागलं. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सगुणाच्या वेलाला तोड नाही." मी मृणालीकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. ती मोदकांचं ताट घेऊन हसत आत गेली.

बोलली असती तर मला तिच्याशी भांडता तरी आलं असतं. एवढं मोठं मन मला या जन्मात जमायचं नाही, आणि देवाने तेही नेमकं तिलाच दिलं.