शंभराव्या टक्क्याचं गाऱ्हाणं

गेम अर्धवट सोडणाऱ्यांशी माझं पटत नाही. गोष्ट संपली की झालं म्हणे! मग डोंगरामागची झोपडी, विहिरीतली पेटी, हे कोणी शोधायचं? मी नकाशाचा कोपरा न् कोपरा पालथा घातल्याशिवाय उठत नाही. आई म्हणते, "रुचिरा, माळा आवर म्हटलं की तुझी कंबर धरते. तिथे बरी सगळी गावं झाडत फिरतेस!"

यंदा मात्र ती गप्प होती. भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. परत आली ती एकेका शब्दापुरती. "पाठ असलेलं येईल तोंडात," थेरपिस्ट म्हणाल्या. "स्वतःचं वाक्य आलं की समजा जिंकलो." बोरिवलीच्या आमच्या घरात दिवसभर बडबडणारा माणूस खिडकीकडे बघत बसू लागला. जीव तुटायचा माझा.

एका रविवारी मी टीव्हीवर गेम खेळत असताना भाऊ मागून म्हणाले, "थंय!" बघते तर झाडाआड पेटी! तेव्हापासून आम्ही दोघं बसू लागलो. गेमची गोष्ट केव्हाच संपली होती, पण मी एकही गाव सोडलं नाही. मी मुद्दाम चुकीच्या वाटेला जायचे, आणि मी मागे फिरावं म्हणून भाऊ चिडून "फाटी! फाटी!" ओरडायचे. तेवढेच दोन शब्द जास्त.

शेवटी शंभर टक्क्यांना एकच नाणं उरलं. गावाच्या वेशीवर, एका उभ्या दगडापुढे ठेवलेलं. मी बटण दाबणार, तोच भाऊंनी माझं मनगट धरलं.

"राखणदार!"

आली का पंचाईत! मालवणकडचा माणूस. तिकडे वेशीवरचा उभा दगड म्हणजे गाव राखणारा देव, राखणदार; त्याच्यापुढचं काही त्याला विचारल्याशिवाय उचलायचं नसतं. परदेशात कुणीतरी बनवलेला दगड तो, पण भाऊंना कोण समजावणार?

"मग विचारा तुम्हीच," मी वैतागून म्हटलं.

भाऊंनी लुळा उजवा हात डाव्याने उचलून जोडला. "बा देवा म्हाराजा!"

गावी जत्रेत भाऊच सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि मागची पुरुषमंडळी ओ द्यायची. इथे मीच होते.

"व्हय म्हाराजा!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय चुकला माकला असात, तर सांभाळून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे सगळं त्यांना पाठ आहे, हुरळू नकोस, असं मी मनाला बजावलं. भाऊ थांबले. ओठ नुसते हलत राहिले. मग जड पोतं ओढावं तसा एकेक शब्द ओढत म्हणाले, "ह्या माज्या चेडवान... माका बोलतो करूक... खूप धडपड केल्यान. तेका यश दी, म्हाराजा!"

चेडू म्हणजे लेक, म्हणजे मी! हे कुठल्याच गाऱ्हाण्यात नसतं. ओ द्यायची पाळी माझी, हेच मी विसरले. भाऊ माझ्याकडे बघत वाट पाहत राहिले.

"व्हय म्हाराजा," आईच म्हणाली.

मी नाणं उचललं. शंभर टक्के झाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी टीव्हीसमोर हात जोडून उभी राहिले.