पालथा माणूस

नागपूरहून आलेला शरीराचा तक्ता वाळवीने फस्त केला, आणि ते कळलं कधी, तर शाळा तपासायला डिप्टी साहेब यायच्या आदल्या दिवशी! जळगाव जामोदच्या मुलींच्या शाळेत शारदाबाईंनी कपाळाला हात लावला. शरीराचा धडा फसला तर मुलींचा सातवीचा वर्ग बंद, असं साहेबांनी आधीच बजावलं होतं. वर्ग बंद म्हणजे सातवीतली स्नेहलता घरी, आणि घरी तिच्यासाठी स्थळं बघणं चालूच होतं.

"तक्ता गेला तर जाऊ द्या बाई, आपन अख्खा मानूसच मांडू!" स्नेहलता म्हणाली.

मग काय, नुसती धांदल! "डावा हात वर करून नीज, म्हणजे काळीज कुठल्या बाजूला ते चुकायचं नाही," असं सांगून शारदाबाई कापूस आणायला गेल्या. स्नेहलता निजली, पण उताणी नाही. सारवलेल्या भुईवर उताणं कोणाला निजवतात, ते तिला पक्कं ठाऊक होतं. ती आपली पालथी झाली. मैत्रिणींनी भोवतीने रांगोळी ओढली आणि भराभर माणूस भरला. कापसाची फुप्फुसं, वर केलेल्या हाताच्या बाजूला डाळिंबाचं काळीज, दुसरीकडे भोपळ्याच्या फोडीचं यकृत, विहिरीच्या दोराचं आतडं आणि त्याखाली आंब्याच्या कोयींची मूत्रपिंडं.

दुसऱ्या दिवशी डिप्टी वामनराव आले.

"ओलांडू नका साहेब! मानसाले ओलांडत नाहीत!" पोरी ओरडल्या.

"माणूस कसला, बाजार आहे हा," म्हणत ते खुशाल ओलांडून गेले. मग वळून म्हणाले, "काळीज उजवीकडे? झालं तर! करा वर्ग बंद."

शारदाबाईंचा चेहरा पडला. स्नेहलताच्या तोंडचं पाणी पळालं. ती त्या वर केलेल्या हाताकडे बघत राहिली, आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती धावत जाऊन शेजारी तसाच डावा हात वर करून पालथी पडली.

"साहेब, हा पालथा हाय! आपन त्याची पाठ पाहून राह्यलो! डावं डावीकडंच हाय!"

"असं? मग पाठीकडून मूत्रपिंडं आधी दिसायला हवीत. ती दोराखाली कशी?"

ती ताडकन उठली. दोर उचलून कोयी वर ठेवल्या आणि उजवी कोय बोटभर पायांकडे सरकवली.

"हे काऊन?"

साहेबांच्या तोंडून आपसूक वऱ्हाडी निघाली.

"वरतून यकृत दाबते ना, साहेब!"

वामनराव खो खो हसले. "बाई, सातवी चालू राहील!"

पोरींनी शाळा डोक्यावर घेतली. स्नेहलताला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. दाराची सरळ वाट त्या माणसावरून होती. साहेबांनी पाय उचलला, थांबले, आणि पायथ्याकडून वळसा घालून बाहेर गेले.